इसाक, जहाज अजून आतच आहे

“जहाज वाळवंटात कसं जाईल रे, जन्या? त्याला काय उंटाचे पाय फुटलेत?”

असा तू ओरडलास तेव्हा तुमच्या चौथ्या मजल्याखाली, खांदेश्वरच्या त्या पार्किंगमध्ये, तीन गाड्यांचे अलार्म एकदम वाजले. शपथेवर सांगतो. छातीत दोन स्प्रिंगा बसवलेला माणूस, डॉक्टरनं मोठ्यानं शिंकायचीसुद्धा बंदी केलेली, आणि आवाज असा की पलीकडं घारापुरीच्या माकडांनी माना वळवल्या असतील. रुक्साना भाभी आतून धावत आली. मी मोबाईल हातात धरून तसाच उभा.

त्या मोबाईलवर जहाजं दाखवणारं ॲप होतं. जगातलं प्रत्येक जहाज म्हणजे एक रंगीत बाण. त्यातला एक बाण तुझ्या सुहेलचा. एकुलता एक पोरगा, स्वयंपाकाचा गॅस आणणाऱ्या जहाजावर इंजिनिअर. आदल्या दिवसापर्यंत तो बाण आखातात होता, होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडाच्या आतल्या बाजूला, नांगर टाकून. आखातात भडका उडाल्यापासून तिथून बाहेर पडायला जहाजांची रांग लागली होती आणि रांग हलत नव्हती. आणि त्या सकाळी बघतो तर बाण पाण्यातून उठून वाळवंटात गेलेला, किनाऱ्यापासून कोसभर आत, आणि तिथं गोल गोल फिरतोय. मी आयुष्यात कमी थापा मारल्या नाहीत, तुला माहीत आहे. पण वाळवंटात गिरक्या घेणारं जहाज मलासुद्धा सुचलं नसतं.

“वर कुनीतरी जीपीएसच्या सिग्नलची वाट लावलीय,” तू श्वास खाली बसवत म्हणालास. “जहाज जागेवरच हाय. नकाशा खोटं बोलतोय.”

“मग खरं कोन बोलतंय?”

तू टीव्हीकडे बघितलंस. तिथं एक पोरगी त्या चिंचोळ्या पाण्यावर लाल फुली मारून सांगत होती की मार्ग बंद. “बंद म्हंजे काय?” तू तिलाच विचारलंस. “समुद्राला काय शटर असतं?” मी हसलो. तू हसला नाहीस. आणि इसाक, तुला खरं सांगतो, तुझ्या ओरडण्यानं मी कधी घाबरलो नाही, पण त्या दिवशी तू हसला नाहीस तेव्हा घाबरलो.

तू गेलास त्याला आज तेरा दिवस झाले. ती भीती तिथंच आहे.

तुझी माझी ओळख कशी झाली ते लोकांना मी वीस प्रकारांनी सांगितलंय. खरा प्रकार एकच. मी तेव्हा गॅसचा टँकर चालवायचो, तो लांबुळका, ज्याला सगळे बुलेट म्हणतात. न्हावा शेव्याच्या बाजूला जेट्टीबाहेर रांगेत उभा होतो, कंटाळलो होतो, विडी तोंडात घेतली आणि काडी ओढणार एवढ्यात माझ्या कानाखाली असा जाळ निघाला की काडीची गरज उरली नाही. तू तुझं जहाजावरचं पंपमनचं, तेल-गॅस चढवण्या-उतरवण्याचं काम सोडून नुकताच जमिनीवर नोकरीला लागला होतास. माझी काडेपेटी खाडीत फेकलीस आणि म्हणालास, “तू मेलास तर चालेल. पन माझी नोकरी जाईल.” पुढं मी सांगायला लागलो की त्या थपडेनं माझी अक्कलदाढ उगवली. तू दर वेळी म्हणायचास, “दाढ आली, अक्कल र्‍हायली.”

मी खाडीकडचा आगरी, तू त्याच खाडीच्या खालच्या अंगाच्या गावातला. माझ्या वाडवडलांनी शेती आणि मिठागरं केली, तुझ्यांनी जहाजं. आम्ही जमिनीचे पैसे घेऊन तुर्भ्यात खानावळी टाकल्या, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचं तेल दुसऱ्यांच्या दारात नेऊन टाकत राहिलात. मी तुला चिडवायचो, “काय रं, आयुष्यभर रॉकेलवाल्याचंच काम केलंस, फक्त डबा मोठा.” तू चहाची कपबशी माझ्यासमोर धरायचास. “हा चहा कशावर झाला? गॅसवर. गॅस कुठनं आला? त्या गल्लीतनं. ती गल्ली एवढी चिंचोळी, की दोन्ही बाजूंची भांडनं लागली की तुझ्या ड्रायवर लोकांची मिसळ थंड.” मी म्हणायचो, सरकारनं जमिनीखाली तेलाचे साठे केलेत. तू म्हणायचास, “तेलाचे केलेत. गॅस काय लोनच्यासारखा बरनीत घालून ठेवतात? तो येतो आनि जातो. यायचा थांबला की बोटांवर दिवस मोजायचे.”

तू बरोबर होतास, हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही. आता बोलतो, आता तुला काय उपयोग. तुझ्या मयतीच्या दिवशी माझ्या खानावळीत सिलिंडर नव्हता. हॉटेलांचा गॅस सगळ्यांत आधी थांबला. तुमच्या घरी तीन दिवस चूल पेटणार नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवण माझ्याकडून जायचं होतं, म्हणून कंटेनर यार्डातून फेकून दिलेल्या लाकडी पॅलेटी आणल्या आणि खानावळीच्या मागच्या बाजूला चूल मांडली. फळ्या फोडताना तुझा आवाज आला, अगदी कानात: “त्या लाकडाला औषधाची धुरी दिलेली असते, जन्या, लोकांना मारशील!” मी धुरीचे शिक्के बघून बघून अर्ध्या फळ्या बाजूला काढल्या. तू खांद्यावरून निघालास तेव्हा माझ्या सदऱ्याला धुराचा वास होता. कबरीत तीन मुठी माती टाकली. माती कोरडी होती. तू गॅसवाला माणूस, आणि तुझं जेवण लाकडावर. यावर मी एरवी अर्धा तास बोललो असतो.

आता त्या भांडणाकडे येतो, जे आपलं अर्धं राहिलं.

तुमच्या गावची रीत मला तुझ्याकडूनच कळली. माणूस दर्यावर असला की त्याला मयतीची खबर द्यायची नाही. जमिनीवर पाय ठेवील तेव्हा सांगायचं. तुला तसंच केलं. तू पंचविशीत होतास, त्याच आखातात होतास, त्या जुन्या लढाईत, जेव्हा तेलाची जहाजं पेटायची आणि तुम्ही डेकवर ओल्या गोणपाटांचे ढीग लावून झोपायचा. तुझा अब्बा इकडं गेला. चार महिने कुणी सांगितलं नाही. तू अब्बाला पत्रं लिहीत राहिलास आणि तुझा मोठा भाऊ अब्बाच्या नावानं उत्तरं देत राहिला: तब्येत बरी आहे, आंब्याला मोहोर आलाय, बोकड व्यायला. “बोकड व्यायला लिवलं होतं त्यानं!” तू सांगायचास आणि आपण दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचो. मग तू थांबायचास. “तेवाच कळायला पायजे होतं मला. अब्बाला बोकड आनि शेळीतला फरक कळत होता.”

तू अब्बासाठी सदऱ्याचं कापड घेऊन उतरला होतास. त्या कापडाचं पुढं काय केलंस, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी, सगळ्या जगाच्या चुलीत नाक खुपसणारा मी, कधी विचारलं नाही.

“माझ्या पोराला असं करायचं नाय,” तू म्हणायचास. “मी सकाळी मेलो तर दुपारी त्याला कळलं पायजे.”

“आरं येड्या,” मी म्हणायचो, “पायाखाली जहाजभर गॅस, डोक्यावरनं रॉकेट. तशात सांगितलं आनि त्याचा हात सुटला तर?”

“खबरीनं हात सुटत नाय. खोटं बोललेलं कळलं की सुटतो. मी त्यानंतर घरच्या एका पन पत्रावर इस्वास ठेवला नाय. तब्येत बरी लिवलं की मला वाटायचं, कोनतरी गेलं.”

“तरी पन...”

“तरी पन बिरी पन काय नाय. तू थापाड्या, तुला काय कळनार?”

त्यावर मी रागानं उठलो होतो. थापाड्या म्हणालास म्हणून नाही. थापाड्या मी आहेच, ती पदवी मला तीन ग्रामपंचायतींनी दिलीय. ‘तुला काय कळनार’ म्हणालास म्हणून. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं तुझ्यासाठी तळलेले बोंबील घेऊन आलो, आणि भांडण तिथंच झाकलं गेलं.

मग तो मंगळवार. तुला खाटेवरून उठता येत नव्हतं. जहाजावरचं इंटरनेट कप्तानानं बंद केलं होतं, एक दिवसाआड तीन मिनिटं जहाजाच्या फोनवरून बोलायला मिळायचं, दुपारी एकच्या सुमारास. त्या दिवशी फोन आला नव्हता. तुझ्या ओठांचा रंग मला आवडला नाही. तू विचारलंस, “जन्या, जहाज कुठं पोचलं?”

मी म्हणालो, “भाएर आलं.”

हे दोन शब्द मी ठरवून बोललो नाही. जिभेला सवय आहे, ती माझ्या आधी पोचते. आणि एकदा गाडी सुटली की मला ब्रेक लावता येत नाही, बुलेट चालवायचो तेव्हाही हीच तक्रार होती. सकाळी सात वाजता सुटलं, म्हणालो. कप्तानानं सगळ्यांना बिर्याणी घातली. मागच्या जहाजावर आपल्या उरणकडचा एक पोरगा आहे, त्यानं फोटो पाठवला, मी या डोळ्यांनी बघितला. काय ते जहाज दिसत होतं, इसाक! कसं पाण्यावर उचललेलं, खालचा लाल रंग उन्हात नुसता चमकत होता!

“दाखव फोटो.”

“बॅटरी गेली.”

तू माझ्याकडे बघितलंस. “लाल रंग दिसत होता?”

“लालभडक!”

“बरं,” तू म्हणालास, आणि भाभीला चहा टाकायला सांगितलंस.

मी खूश होऊन जिना उतरलो. स्टेशनपर्यंत छाती पुढं काढून चाललो, की आज एका माणसाला सुखानं झोपवलं. तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि तिथं मला आठवलं. भरलेलं जहाज पाण्यात खाली बसतं. खालचा लाल पट्टा पाण्याखाली जातो. लाल दिसलं म्हणजे जहाज रिकामं. हे मला कुणी शिकवलं? तूच, जेट्टीवर उभं करून, बोट दाखवून, पन्नास वेळा. आणि सुहेलचं जहाज काठोकाठ भरलेलं होतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. पंपमनला मी लाल रंगाची थाप मारून आलो होतो. मीसुद्धा बोकड व्यायला लावला.

गुरुवारी दुपारी तू गेलास. मधल्या बुधवारी मी आलो नाही. कारण सांगतो: मला भीती वाटली की तू पुन्हा रंग विचारशील. एवढ्यासाठी मी तुझा शेवटचा पुरता दिवस घालवला.

दफन झाल्यावर भाभीनं मला निरोप धाडला. ती आता इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येणार नाही, म्हणून मी तुमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर आणि ती आतल्या दाराच्या पडद्याआड. ती म्हणाली, “भावजी, सुहेलला सांगायचं नाय. जहाज आतच हाय. सगळ्यांना सांगितलंय, कुनी फोनवर काय टाकायचं नाय.” मी म्हणालो, भाभी, इसाकची इच्छा वेगळी होती. ती म्हणाली, “ते गेले. मी हाय.” आणि मग म्हणाली, “तुमाला बोलता येतं. मला फोनवर रडू येईल.”

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तुझ्याशी भांडताना जे बोललो होतो तेच ती करत होती. मला फक्त कधी वाटलं नव्हतं की त्या भांडणात मी जिंकेन, आणि असं.

तेव्हापासून एक दिवसाआड दुपारी मी तिथं असतो. पडद्याच्या उंबऱ्यात स्टूल, स्टुलावर फोन, स्पीकर चालू. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा श्वास. पहिल्या फोनला सुहेल म्हणाला, “जनूकाका, अब्बाला दे.” मी म्हणालो, झोपलाय, डॉक्टरनं गोळी दिलीय. दुसऱ्या फोनला म्हणालो, आंघोळ करतोय. “स्वतः?” पोरगं आनंदानं ओरडलं, तुझाच आवाज, स्टुलावरचा फोन थरथरला. “स्वतः! कुनी हात लावलेला खपत नाय त्याला!” झालं, जीभ सुटली. तिसऱ्या फोनला मी तुला सोसायटीच्या बागेत फिरायला पाठवलं. चौथ्याला जुम्म्याला नेलं. पाचव्याला तू माझ्या खानावळीत येऊन दोन वाट्या मटण खाऊन वर माझ्या रश्श्याला नावं ठेवलीस. इसाक, गेल्या काही दिवसांत मी तुला इतका बरा केलाय की तू जिवंत असताना कधी तेवढा धडधाकट नव्हतास. मला थांबता येत नाही. थांबलो की तीन मिनिटांतली जी काही सेकंदं उरतात त्यात जहाजावरचा आवाज ऐकू येतो. इंजिनाची घरघर असते. एका फोनला तिच्यामागे दुसरा एक आवाज आला, लांबचा, दार आपटल्यासारखा. सुहेल बोलायचा थांबला. पडद्यामागचा श्वास थांबला. मग तो म्हणाला, “काय नाय, काका. लांब हाय.” मी विचारलं नाही, काय लांब आहे.

मला कशाची भीती वाटते ते सांगू? तो बाण रोज बघतो. कधी वाळवंटात असतो, कधी विमानतळावर, कधी नसतोच. नसतो तेव्हा मी घाबरत नाही, तू सांगितलंस की नकाशा खोटं बोलतो. पण तू ते दर वेळी सांगायचास. आता मी स्वतःलाच सांगतो, आणि सांगणारा कोण आहे ते मला पुरतं ठाऊक आहे. माझ्यावर माझाच विश्वास बसत नाही. दुसरी भीती त्याहून वाईट. पोरगं उद्या सुखरूप उतरलं, न्हावा शेव्याला नाहीतर कुठंही, तर त्याच्या समोर मला उभं राहायचंय. तू चार महिन्यांची पत्रं आयुष्यभर विसरला नाहीस. त्यानं तर माझ्याच तोंडून तुझं मटण खाणं ऐकलंय. म्हणून हे वहीत लिहितोय. आज कुणाला दाखवणार नाही. आधी सुहेलच्या हातात देईन, मग त्यानं फाडावी नाहीतर छापावी. त्यात तुझं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिलंय, बोकडासकट. निदान तेवढं खरं.

काल भाभीला माझी मंगळवारची थाप सांगून टाकली. छातीवर दगड ठेवून चार जिने चढलो होतो. पडद्याकडे तोंड करून म्हणालो, “भाभी, मी इसाकला खोटं सांगितलं. तो गेला तवा त्याला वाटत होतं पोरगं भाएर आलंय. आनि ते पन मला नीट सांगता आलं नाय, रंग चुकला.”

पडदा हलला नाही. “माहीत हाय,” ती म्हणाली. “तुमी जिना उतरलात आनि ते मला बोलले, जन्या खोटं बोलतोय, पोरगं आतच हाय. मी बोलले, मग भावजींना बोलायचं तसं. तर म्हनाले, नको, लई मनापासून बोलत होता. उद्या आला तर त्याला जहाजाचं काय इचारू नको. परत खोटं बोलावं लागेल बिचाऱ्याला.”

आणि मी बुधवारी आलो नव्हतो.

मला आभार मानायचे होते तुझे. दर वेळी कोटी करून मोकळा झालेला माणूस मी, मला साधं ‘इसाक, तुझे उपकार’ म्हणता आलं नाही कधी, आणि काल म्हणावंसं वाटलं तर समोर पडदा.

तेवढ्यात एक वाजला आणि फोन वाजला. सुहेल. आवाज बारीक, तुटत तुटत येणारा. रांग अजून हललेली नाही, म्हणाला. जेवण बरं आहे. मग म्हणाला, “काका, एवढा फिरतोय अब्बा, तर एक काम कर. पुढल्या फोनला त्याला पकडून ठेव. बाग नको, मशीद नको. दोनच मिनटं. मला त्याचा आवाज ऐकायचाय.”

मी म्हणालो, “ठेवतो की! बांधून ठेवतो खाटेला!”

तीन मिनिटं संपली. लाइन गेली.

आणि मग, इसाक, मी ओरडलो. तुझ्याच खोलीत, तुझ्या खाटेकडे बोट करून, तुझ्याएवढ्या आवाजात. “भाभी, आता काय करू मी? झोपवला, न्हाऊ घातला, बागेत फिरवला, मटन खाऊ घातलं, आता आवाज कुठनं आनू? परवा एक वाजता तो परत विचारनार! किती दिवस चालवू मी ह्याला? किती दिवस?”

पडद्यामागं सुपात तांदूळ निवडण्याचा आवाज सुरू झाला.

“जहाज बाहेर येईपर्यंत,” भाभी म्हणाली.